निसाबाईंनी चेहरा झाकला नाही

लोरिकाच्या बाजारात, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डोक्याशी माझ्या सासूबाईंची कढई आहे. दिओनीसिया बेर्रोकाल हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळा बाजार त्यांना दोन्या निसा, म्हणजे निसाबाई, म्हणतो. पहाटे खाली होड्या लागायच्या आत त्यांचं तेल तापलेलं असतं. मक्याच्या पिठाची जाड पुरी, म्हणजे अरेपा, तेलात टम्म फुगली की बाहेर काढायची, कडेला चीर द्यायची, आत अंडं फोडून घालायचं आणि पुन्हा तेलात सोडायची. एक थेंब सांडत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी उभी राहून पीठ मळते. त्यामुळे हे जे सांगणार आहे ते मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिलेलं आहे.

सासूबाई सिगारेट ओढायच्या, आणि उलटी ओढायच्या. म्हणजे पेटलेलं टोक तोंडाच्या आत. आमच्या सिनू नदीच्या काठाला जुन्या बायका अशाच ओढतात. त्यांना त्यांच्या आईने नदीवर कपडे धुताना शिकवलं होतं. वाऱ्याने विझत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि राख धुतलेल्या चादरीवर पडत नाही. सासूबाईंनी तीच कला कढईवर आणली. ओठ मिटलेले, नाकातून बारीक धूर, आणि मध्येच ओठांच्या कोपऱ्यातून गिऱ्हाइकाला, "सुएरो घालू का वर?" असं विचारणंही चालू; सुएरो म्हणजे आमच्याकडची दह्यासारखी पातळ साय. राखेचा कण कधी तेलात पडला नाही.

आणि एवढं सगळं करून बाईंचा चेहरा कसा? तर गुळगुळीत. पन्नाशी उलटली तरी गालावर सुरकुती नाही, कपाळावर डाग नाही. या चेहऱ्याचा त्यांना भारी अभिमान. समोरच कॉफीचा गाडा लावणारी एनेईदा आयासो त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण. तीही उलटीच ओढणारी, पण तिचं तोंड वाळलेल्या चिंचेसारखं. ती म्हणायची, "निसाला तेलाची वाफ लागते म्हणून. फुकटात मालिश होतेय."

"तूही ये की कढईवर," सासूबाई म्हणायच्या. "पण तुला वाफ नाही, कढईतच बुडवायला लागेल."

सगळं असं मजेत चाललेलं असताना त्यांची एक दाढ हलायला लागली. दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली, आणि टाळूवर दिवा मारून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला आत बोलावून घेतलं. आरशात दाखवलं. सासूबाईंची टाळू पांढरी पडलेली, जाड, भेगाळलेली, मध्ये मध्ये लाल ठिपके. उन्हाळ्यात नदी आटली की तळाचा गाळ दिसतो तशी.

"ही भाजलेली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज भाजलेली. आज तपासणीसाठी एक छोटा तुकडा काढते. पण तपासणीत काहीही येवो, आग आत ठेवणं आता बंद."

तपासणीत वाईट काही आलं नाही. पण आज आलं नाही म्हणजे उद्या येणार नाही असं नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सासूबाई दवाखान्यातून तडक निघाल्या. घरी आल्या, एप्रनच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं आणि भांडी विसळायच्या पाण्यात बुडवलं. वर बोटाने दाबून धरलं.

मी म्हटलं, "सासूबाई, नको होतं तर एनेईदाबाईंना तरी द्यायचं."

"का? तिची टाळू काय लाकडाची आहे?"

बस्स. सोडली म्हणजे सोडली.

पहिले काही दिवस घरात वाघीण पाळल्यासारखं होतं. माझा नवरा एव्हेर मोंतेरिया शहराला जाणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याने शहरातून निकोटीनच्या पट्ट्या आणल्या, दंडाला चिकटवायच्या. पट्ट्यांनी तलफ जरा आवरली. पण तोंडाला चाळा हवा, म्हणून सासूबाई दिवसभर कैरीच्या फोडी मीठ लावून चघळायच्या. तेवढ्यात जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत फोड आले. कैरी लागली की डोळ्यांतून पाणी यायचं, तरी चघळायच्या.

मग सुरू झालं चेहऱ्याचं.

आधी हनुवटीवर दोन पुटकुळ्या. सासूबाई म्हणाल्या, डास. मग कपाळावर ओळीने, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना. गालांवर लाल चट्टे उठले आणि त्यांना खाज. बोटांच्या बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड. दंडावर जिथे पट्टी लावायच्या तिथे तर शिक्का मारल्यासारखा लाल चौकोन, कारण रोज एकाच जागी लावत होत्या, कपड्याखाली दिसू नये म्हणून. जन्मात कधी पुटकुळी न आलेली बाई, सोळा वर्षांच्या पोरीसारखं तोंड घेऊन बाजारात उभी. त्या दिवसांत त्यांनी घरातला आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. एव्हेर दाढी करायला गेला की आधी आरसा सरळ करायचा आणि नंतर गुपचूप उलटा.

बाजाराला तोंड आहेच. आर्किमेदेस म्हणून एक नावाडी आहे, रोज दोन अरेपा खाणारा. तो म्हणाला, "दोन्या निसा, अंडी अरेपात घाला हो, कपाळावर नका तळू."

"तुझ्या पैशांत तेवढंच बसतं," त्या म्हणाल्या. पण मी शेजारी होते. त्या वेळची चीर वाकडी गेलेली मला दिसली.

चेष्टा परवडली, पण भीती नाही परवडत. ज्या बाईच्या हातचं खायचं तिच्याच बोटांवर फोड आणि तोंडावर चट्टे, म्हटल्यावर लोक बिचकणारच. कुणी म्हणालं खरूज आहे, कुणी म्हणालं नदीचं पाणी लागलं. जास्तीत जास्त लोक म्हणत होते, इतक्या वर्षांचं विष आता बाहेर पडतंय, तंबाखूनेच ते दाबून ठेवलं होतं. ओळखीची गिऱ्हाइकं लांबून हात करून पलीकडच्या टोकाच्या दुकानाकडे वळायला लागली. दुपारी आम्ही अरेपा परत घरी न्यायला लागलो. हे आधी कधी झालं नव्हतं.

एनेईदाला मैत्रिणीचा कळवळा आला. तिचं औषध ठरलेलं. "लिंबू आणि खायचा सोडा. खसखसून लाव. माझ्या आत्याचं सगळं तोंड स्वच्छ झालं होतं."

"तुझी आत्या तोंडावर फडकं बांधून फिरायची," सासूबाई म्हणाल्या.

"ते वेगळ्या कारणासाठी."

पण माणूस टेकीला आला की काहीही करतो. सासूबाईंनी लिंबू-सोडा चोळला आणि तशाच उन्हात दुकानावर उभ्या राहिल्या. नदीच्या पाण्यावरून उसळून येणारं आमचं ऊन, त्यात कढईची धग. संध्याकाळपर्यंत तोंडाची आग आग झाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत जिथे जिथे लिंबाचा रस ओघळला होता तिथे तिथे तपकिरी पट्टे उमटले, हनुवटीवरून मानेपर्यंत. पुटकुळ्या होत्या तशाच, वर हे पट्टे.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. एक तरुण आई मुलीला घेऊन आली. आमच्या गावची नव्हती, बोलण्यावरून सान बेर्नार्दोकडची वाटली. मुलीने अरेपा मागितली. सासूबाईंनी कागदात गुंडाळून पुढे केली, मुलीने हात पुढे केला, आणि आईने तो हात झटकन मागे ओढला. वाईट बाई नव्हती ती, पोरीसाठी घाबरली एवढंच. पण सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला, अरेपा धरलेला. मग त्यांनी ती अरेपा खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि सरळ एनेईदाच्या गाड्यापाशी गेल्या.

"दे एक."

"काय?"

"काय काय विचारतेस? दे म्हणते ना."

एनेईदाचा चेहरा खुलला. तिला वाटलं मैत्रीण परत आली. तिने स्वतः पेटवून दिली. मी पिठाचे हात घेऊन मधे धावले. "सासूबाई, इतकं सोसलंत ते..."

"तू गप. चेहरा गेला, धंदा गेला, आता काय टाळू सांभाळून तिची पूजा करू?"

त्यांनी सिगारेट उलटी केली आणि पेटतं टोक तोंडात घेतलं. जुन्या सवयीने ओठ मिटले. आणि पुढच्याच क्षणाला असं काही ओरडल्या की खाली होडीवाले वर बघायला लागले. जिभेच्या कडेला फोड होते ना, निखारा थेट त्यावर. थू करून सिगारेट उडवली, एनेईदाचा पाण्याचा गडू उचलून खळाखळा चूळ भरली, आणि एनेईदाच्या सात पिढ्यांना, सिगारेटच्या सात पिढ्यांना आणि लिंबाच्या झाडालाही शिव्या घातल्या. एनेईदा हात जोडून उभी. मला रडू येत होतं. आणि मधेच सासूबाई थांबल्या आणि हसायलाच लागल्या. तोंड पोळलेलं, त्यामुळे नीट हसताही येईना.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "हे मी चाळीस वर्षं करत होते. आणि कुणी मला वेडी म्हटलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्स लोर्दुईबाई म्हणजे करड्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं. कपाळ बघितलं, बोटं बघितली, दंड बघितला, तोंड उघडायला लावलं. आणि पहिला प्रश्न विचारला, "लिंबू कुणी सांगितलं?"

"आहे एक डॉक्टरीण. कॉफी विकते."

"तिला म्हणावं कॉफीच विक. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. हे पट्टे त्याचे आहेत. जातील, पण वेळ घेतील."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सिगारेट सोडल्यावर काही जणांना असं होतं, सगळ्यांना नाही. शरीराला इतक्या वर्षांची सवय असते, ती तुटली की बरंच काही हलतं. झोप उडते, जीव कावतो, खाणं बदलतं, आणि त्याचा राग कातडीवर निघतो. तोंडात फोड येणं तर नेहमीचं. नेमकं कुणाला का होतं हे अजून कुणालाच धड ठाऊक नाही.

"म्हणजे विष बाहेर पडत नाहीये?" सासूबाईंनी विचारलं.

"कातडीतून विष पडत असतं तर मी तुम्हाला उन्हात वाळत घातलं असतं."

"आणि हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही."

"नक्की?"

"दोन्या निसा, मी गेल्या रविवारीसुद्धा तुमच्याच अरेपा खाल्ल्या आहेत." लोर्दुईबाईंनी त्यांची बोटं हातात धरली. "पण बोटांवरचे फोड फुटले तर पिठाला हात लावायचा नाही, तेवढे दिवस सगळं सून करेल. ते एकदा डॉक्टरांना दाखवू. हा इसब दिसतोय, त्याला मलम लागेल."

मग काय करायचं ते सांगितलं. तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, साध्या, वास नसलेल्या साबणाने, आणि चोळायचं नाही. कढईवरून उठलं की तेलाची वाफ तशीच तोंडावर ठेवून झोपायचं नाही. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. वर पातळ, बिनतेलाचं क्रीम. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत. उन्हात रुंद काठाची टोपी. पट्टी रोज नव्या जागी, कोरड्या कातडीवर, एकदा लावलेल्या जागी आठवडाभर पुन्हा नाही. तरीही कातडी लाल राहिली, फोड आले, तर पट्टी काढून यायचं, दुसरा उपाय देऊ. तोंडासाठी कोमट मीठपाण्याच्या चुळा, मऊ ब्रश, आणि कैरी बंद.

"कैरीही?"

"कैरी आधी. आणि एखादा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर माझ्याकडे नाही, थेट दातांच्या डॉक्टरांकडे. तुमची टाळू बघितलीय त्यांनी. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तेव्हाच्या तेव्हा यायचं, दुकान आवरत बसायचं नाही."

सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि परत ओढायला लागले तर चेहरा बरा होईल का? खरं सांगा."

लोर्दुईबाई म्हणाल्या, "खरं सांगते. कदाचित पुटकुळ्या बसतील, मला ठाऊक नाही. पण टाळू बसणार नाही. पुटकुळीने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. टाळूचं पाहिलंय."

परतताना सासूबाई रस्ताभर माझ्या मागे रेंगाळत चालल्या. मला वाटलं खचल्या. घरी आल्यावर त्यांनी आधी आरसा सरळ केला आणि त्यात बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मार्ले, उद्यापासून पिठाचं सगळं तूच बघ. मी तळते आणि बोलते."

दुसऱ्या दिवशी डोक्याला एव्हेरची रुंद टोपी घालून त्या कढईमागे उभ्या राहिल्या. मी म्हटलं होतं की तोंडाला पातळ फडकं बांधा, निदान लोक बिचकणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मी काय चोरी केलीय?" आणि पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याने काही विचारायच्या आतच सुरुवात केली.

"बघून घे नीट. ही पुटकुळी, हा चट्टा, हा लिंबाचा पट्टा. सिगारेट सोडलीय मी. त्याने झालंय. लागत नाही, दवाखान्यात विचारून आलेय. खायची तर खा, नाहीतर कॉफी पी आणि जा."

माणूस बिचारा गोंधळला. त्याने दोन अरेपा घेतल्या, बहुधा घाबरूनच.

दिवसभर त्या प्रत्येकाला हेच सांगत राहिल्या. कुणी लांबून जायला लागलं तर नाव घेऊन हाक मारायच्या. "ए रोबिन्सोन! लाजतोस काय? चेहरा माझा वाईट आहे, तुझा तर जन्मापासून आहे!" लोक हसायचे. हसत हसत थांबायचे. सगळे नाही थांबले, काही महिनाभर फिरकलेच नाहीत. पण ज्यांना भीती वाटत होती त्यांना काय आहे ते कळलं, आणि कळलं की भीती निम्मी होते. आर्किमेदेसने एकदा पुन्हा अंड्यांचा विनोद करून बघितला, तर भोवतीच्या चार जणांनीच त्याला गप्प केलं. माझी मान त्या दिवशी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

घरी मात्र सोपं नव्हतं. खाज सुटली की त्या मुठी आवळून अंगणात फेऱ्या मारायच्या. मी थंड पाण्यात फडकं भिजवून द्यायचे, ते गालावर धरून बसायच्या. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने बोटं लवकर सुधारली, पण तोंडाचं एक पाऊल पुढे, दोन मागे. चार दिवस निवळलं की पाचव्या दिवशी कपाळावर नवी फौज. तलफ यायची ती जेवणानंतर आणि भांडणानंतर. जेवणानंतर मीठपाण्याच्या चुळा भरायच्या, भांडणानंतर नदीकडे चालत जायच्या. कधी कधी नदीकडे जाता यावं म्हणून मुद्दाम भांडतात की काय असं मला वाटायचं.

त्यातच माझ्या मुलीचा, एनिथचा, बाप्तिस्मा आला. एव्हेर म्हणाला, "पुढच्या महिन्यात करू. आईचा चेहरा जरा..."

"आईच्या चेहऱ्याचा बाप्तिस्मा आहे का?" सासूबाईंनी विचारलं. झालं, तारीख ठरली तीच राहिली.

त्या दिवशी त्यांनी पांढरा झगा घातला, कानात सोन्याची फुलं घातली. केसांना मी वेणी घातली. एनेईदा पावडरचा डबा घेऊन आली, चांगली जाड, नटवायची पावडर. "फोटो आहे निसा. आयुष्यभर भिंतीवर राहणार. एक थर तरी लाव."

"लोर्दुईबाईंनी जाड लेप लावू नको म्हटलंय."

"एका दिवसाने काय होतं?"

सासूबाईंनी डबा हातात घेतला, वास घेतला, झाकण लावलं आणि परत दिला. "एनेईदा, हा चेहरा मी कमावलाय. आधीचा आयता मिळाला होता."

चर्चमध्ये त्यांनीच एनिथला कडेवर घेतलं. गालावर चट्टे, हनुवटीवर पुटकुळ्या, मानेवर लिंबाचा ओघळ, आणि पाठ अशी सरळ की पाद्रीसुद्धा जरा वाकून बोलत होते. फोटोवाल्याने विचारलं, "तोंड थोडं बाजूला वळवता का, त्या खांबाच्या सावलीत?"

"खांबाचा फोटो काढायचाय का?" सासूबाई म्हणाल्या आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिल्या.

तो फोटो आमच्या पुढच्या खोलीत आहे. आल्यागेल्याला त्या स्वतः दाखवतात, आणि एकेक पुटकुळी बोटाने मोजून दाखवतात, जशी दुसरी बाई दागिने दाखवते.

बाप्तिस्म्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी मी त्यांच्याकडे बघितलं आणि लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत नवीन काही उठलेलं नाही. जुनं सुकत आलं होतं. निकोटीनच्या पट्ट्याही तोपर्यंत कमी करत करत बंद झाल्या होत्या. तोंडातले फोड तर केव्हाच भरले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दिवा मारून टाळू बघितली. पांढरेपणा उतरला होता, खाली गुलाबी दिसायला लागलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं आणि आरशात दाखवलं. सासूबाई तोंड वासून बसल्या होत्या, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण हाताने मला खूण करत होत्या, बघ, बघ.

चेहरा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कपाळावर दोन खळगे राहिले, मानेवर एक फिकट तपकिरी रेघ आहे. सासूबाईंना त्याचं काही नाही. उलट आता धूर गेल्यापासून त्यांना तेलाचा, मक्याचा, नदीच्या शेवाळाचा वास येतो, आणि रोज नव्याने येतो. मध्ये एकदा सुएरो चाखून म्हणाल्या, "मार्ले, हे इतकं आंबट असतं? आणि मी लोकांना वर घालून देत होते?"

आणि एनेईदा? तिने कुणाला न सांगता सोडली. आम्हाला कळलं तेच मुळी ती कॉफीत साखर घालायला विसरायला लागली आणि गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली तेव्हा. सासूबाई रोज सकाळी जाऊन तिचं तोंड निरखून बघायच्या. कपाळ बघायच्या, हनुवटी बघायच्या. काहीच नाही. तोंडात दोन फोड आले आणि गेले, कातडीवर एक पुटकुळीसुद्धा उठली नाही. सासूबाई रागाने लालबुंद.

"माझ्यावर सगळी फौज, आणि हिला काही नाही?"

"माझी कातडी आधीच चिंच आहे," एनेईदा म्हणाली. "तिथे पुटकुळीलाही उगवायला जागा नाही."

आता बाजारात कुणी सोडायचं ठरवलं की आधी आमच्या कढईपाशी येतं. परवा वरच्या गावातली एक बाई आली होती, हनुवटीला रुमाल धरून. मी तिला ओळखत नव्हते. ती सासूबाईंच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. सासूबाईंनी झारा माझ्या हातात दिला, तिला पायरीवर बसवलं आणि हळूच तिचा रुमाल बाजूला केला.

"काय लावलंस याला?"

"लिंबू," ती बाई म्हणाली.

सासूबाईंनी समोरच्या कॉफीच्या गाड्याकडे असं बघितलं की एनेईदा खाली वाकून कप धुवायला लागली. मग त्यांनी त्या बाईचा हात धरला. "चल ऊठ. लोर्दुईबाई दुपारपर्यंत असतात. मी येते बरोबर. मार्ले, तेल जळू देऊ नकोस." आणि दोघी दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या, सासूबाई पुढे, मोठ्याने बोलत.